इतिहासाच्या तासाला प्रोजेक्टर लावताय? या चुका टाळा

आधी माझाच पचका सांगते. एसवायचा वर्ग, जालियनवाला बागेचा टॉपिक, रात्री घाईघाईत नेटवरून एक फोटो उचलला, बंदुका रोखलेले शिपाई, पळणारी माणसं, एकदम भारी. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा सिनेमातला सीन आहे." आणि होताच की! १३ एप्रिल १९१९ ला गोळ्या चालू असताना तिथे कॅमेरा लावून कोण उभं राहणार, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. खरे फोटो आहेत ते नंतरचे, त्यातले बरेचसे आपल्या मुंबईच्या नारायण विनायक विरकरांनी काढलेले, भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा माणसं हाताने दाखवतायत. आता मी तेच लावते. त्यात पळापळ नाही, पण वर्ग गप्प होतो.

बरं, खरा फोटो मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. लखनौच्या सिकंदरबागेचा, अंगणात हाडं पसरलेला फोटो १८५७ च्या तासाला सगळेच दाखवतात. लढाई नोव्हेंबर १८५७ ची, फेलिस बियाटोने फोटो काढला काही महिन्यांनी, १८५८ मध्ये, आणि हाडं फोटोसाठी मांडून घेतली होती असं अभ्यासक मानतात. त्यामुळे स्लाइडवर लगेच कॅप्शन टाकू नका. दोन मिनिटं नुसतं बघू द्या, काय दिसतंय ते विचारा, मग तारीख सांगा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एआयने रंग भरलेले जुने फोटो तर शक्यतो नकोच, कपड्यांचे रंग मशीनने अंदाजाने भरलेले असतात आणि मुलं तेच परीक्षेत लिहून येतात.

सगळ्यात कॉमन चूक नकाशाची. पानिपतचा तयार नकाशा, सगळे बाण एकाच वेळी, मुलं तो मोबाइलमध्ये टिपतात आणि संपलं. बाण एकेक करून आणा. मराठे दिल्लीच्या वर कुंजपुऱ्याला, अब्दाली यमुनेपलीकडे. मग ऑक्टोबर १७६० मध्ये तो बागपतजवळ नदी उतरून अलीकडे येतो, इथे थांबा आणि विचारा, "आता दिल्लीचा रस्ता कोणाकडे?" रसद का तुटली हे तुम्हाला सांगावंच लागत नाही, मागच्या बाकावरून उत्तर येतं.

आता टेक्निकल कटकटी. घरी श्रीलिपीत टाइप केलेली स्लाइड कॉलेजच्या पीसीवर उघडली की "शिवाजी" चं भलतंच काहीतरी होतं, कारण तिथे तो फॉन्टच नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा, शिवाय एक पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा. व्हिडिओ दिसतोय पण आवाज नाही? एचडीएमआय लावली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे जातो, खाली स्पीकरच्या आयकॉनवर जाऊन आउटपुट बदला. स्क्रीनच येत नसेल तर विंडोज आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. यूट्यूब लाइव्ह लावू नका, ऐन रंगात गुटगुटीत बाळाच्या साबणाची जाहिरात येते. आणि वीस मिनिटांची क्लिप दाखवू नका हो, तीन मिनिटं पुष्कळ झाली.

लाईट जाणार हेही धरून चाला. माझी गेली ती नेमकी बागपतलाच. खडू घेतला, यमुना काढली आणि पानिपत नदीच्या चुकीच्या बाजूला टाकलं. पुन्हा तीच मुलगी: "मॅडम, पानिपत अलीकडे ना?"