जांघेतला हर्निया आणि सोनोग्राफी : या चुका टाळा

माडावर चढणारा पाडेली संध्याकाळी घरी परततो तेव्हा त्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आलेली असते, आणि रात्री पाठ टेकली की ती आत जाते. हाच हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून चरबी किंवा आतडे बाहेर येणे. सकाळी तो डिचोलीहून सोनोग्राफीला पोहोचतो, टेबलावर उताणा झोपतो आणि ‘हर्निया आढळला नाही’ असा अहवाल घेऊन परततो. दोष यंत्राचा नसतो. पोट सैल सोडून, केवळ आडवे झोपवून तपासणी केली, तिथेच चूक होते.

जोर पडला की बाहेर येणारी गाठ शोधायची तर रुग्णाला उभे करून, खोकायला लावून, श्वास रोखून कुंथायला लावूनच पाहिले पाहिजे. प्रोबही (अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा) हलक्या हाताने टेकवावा, कारण तो दाबून धरला तर आलेली चरबी किंवा आतडे पुन्हा आत ढकलले जाते. रुग्णाने संकोच न करता गाठ नेमकी कुठे आणि कधी येते ते बोट ठेवून दाखवावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी खाली, मांडीच्या मुळाशी रक्तवाहिनीलगत पाहणे विसरू नये. तिथला हर्निया (फिमोरल हर्निया) लहान असतो, तपासणीतून सहज निसटतो आणि बाहेर आलेला भाग अडकण्याचा धोका मात्र त्यालाच जास्त असतो.

सीटी स्कॅन महाग म्हणून खात्रीचा, असे नाही. तोही सहसा झोपवूनच काढतात. गाठ नाही, पण फुटबॉल खेळताना जांघ दुखते, अशा तरुणाला एमआरआय अधिक उपयोगी पडतो, कारण ते दुखणे पुष्कळदा हर्नियाचे नसून जघनास्थीजवळच्या (ओटीपोटाखालच्या हाडाजवळच्या) स्नायूंचे असते.

उलट चूकही होते. वृषणरज्जूतली (वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नलिकांच्या जुडग्यातली) चरबी हर्निया म्हणून नोंदली जाते आणि काहीही त्रास नसलेला माणूस शस्त्रक्रियेच्या विचाराने घाबरतो. हर्नियाविषयीच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गाठ स्पष्ट दिसत असेल तर बहुतेक रुग्णांत सर्जनने हाताने केलेली तपासणी पुरेशी असते. प्रतिमा शंका असेल तेव्हाच घ्यावी. म्हणून सर्जनला भेटण्याआधी परस्पर सोनोग्राफी करून घेऊ नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईनाशी झाली, उलट्या सुरू झाल्या, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा म्हापसा, मडगाव येथील जिल्हा रुग्णालयात त्याच क्षणी जा.