चिल्ड्रन, विमेन, माइस: अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा?

इंग्रजीत अनेकवचनी नामाला ‘चा, ची, चे’ जोडायचं, म्हणजे अपॉस्ट्रॉफी (’) द्यायचा, तर आधी अनेकवचन पूर्ण लिहा, मगच अपॉस्ट्रॉफीकडे वळा. शेवटचं अक्षर एस नसेल तर आधी अपॉस्ट्रॉफी, मग एस. चिल्ड्रन, मेन, विमेन, पीपल सगळ्यांना हेच. 14 नोव्हेंबरच्या ‘चिल्ड्रन्स डे’च्या फलकांवर अपॉस्ट्रॉफी बरेचदा एसच्या पुढे जाऊन बसतो. बॉइज, गर्ल्स लिहायची सवय नडते. तिथला एस अनेकवचनाचा असतो, चिल्ड्रन मात्र मुळातच अनेकवचन.

कानावर विसंबू नका. माइसच्या उच्चारात शेवटी ‘स’ येतो, स्पेलिंग संपतं ई-वर. म्हणून अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही हवेत. वाइव्ह्ज, नाइव्ह्ज उलटे: रूप अनियमित, पण शेवटी एस आहेच, तेव्हा नुसता अपॉस्ट्रॉफी. शीप दोन्ही वचनांत सारखंच. एक मेंढी की कळप, हे संदर्भावरूनच कळणार. तिथे ‘ऑफ’ वापरूनही भागत नाही, संख्याच लिहा.