काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर: चेंबर आणि नळीचं माप कसं ताडून पाहावं

‘.४४’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरमध्ये (यात दारू आणि गोळी सिलिंडरच्या भोकांत, म्हणजे चेंबरमध्ये, पुढून भरतात आणि मागच्या निपलवर ठिणगीची कॅप बसवतात) गोळी लागते .४५१ किंवा .४५४ इंचांची, ‘.३६’ मध्ये .३७५ किंवा .३८० ची. तेव्हा नावावरचा आकडा सोडून द्या. नेम बसत नसेल तर दोनच मापं बघायची: चेंबरच्या तोंडाचा व्यास आणि नळीतल्या खाचांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चरांचा) व्यास. गोळी चेंबरमध्ये दाबून बसवताना कापली जाते आणि चेंबरएवढीच होते. चेंबर खाचांपेक्षा लहान असेल, तर कितीही मोठी गोळी आणा, नळीत ती सैलच जाणार. इटालियन प्रतिकृतींमध्ये, विशेषतः जुन्या, ही तक्रार नेहमीची.

(भारतात हे हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं, परवान्याचं आधी बघा. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे.)

आधी सगळ्या कॅप काढा, सहाही चेंबर रिकामे असल्याची खात्री करा, मगच सिलिंडर बाहेर काढा. कोल्ट धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीची पाचर काढली की नळीही सुटते. रेमिंग्टन धाटणीच्यात लोडिंग लिव्हर (गोळी चेंबरमध्ये दाबायचा दांडा) खाली करून मधली पिन ओढायची, नळी मात्र चौकटीतच राहते.

आता नळी. शुद्ध, मऊ शिशाची आणि खाचांपेक्षा मोठी गोळी घ्या; .४४ साठी .४५७ चालेल. नळीला तेल लावा, गोळी तोंडावर ठेवून लाकडी हातोडीनं आत बसवा आणि लाकडी दांडक्यानं हळूहळू पुढे सरकवा. हाताकडे लक्ष असू द्या. नळी चौकटीत जिथे आट्यांनी बसवलेली असते, तिथे गोळी एकाएकी जड जाते का? जात असेल तर नळी तिथे आवळलेली आहे, आणि चेंबर कितीही नीट असले तरी तिथून गोळी बारीक होऊनच पुढे जाईल.

बाहेर आलेल्या गोळीवरचे उंच पट्टे म्हणजे नळीच्या खाचा. त्यांच्यावर मायक्रोमीटर लावा. खाचा सम संख्येत असतील तर सोपं आहे. विषम असल्या (मूळ कोल्टला सात असत), की पट्ट्यासमोर पट्टा येत नाही आणि माप कमी दिसतं. अशा वेळी गोळीभोवती पातळ पितळी शिमचा (पत्र्याच्या पट्टीचा) एकच वेढा घट्ट द्यायचा, त्यावरून मोजायचं आणि शिमच्या जाडीची दुप्पट वजा करायची.

चेंबरला व्हर्नियरचे आतले जबडे लावू नका. लहान गोल भोकात ते हमखास कमी माप दाखवतात. वर्कशॉपमध्ये असतात तसे पिन गेज (ठरावीक मापाच्या गोल पिना) मिळाले तर उत्तम. नाहीतर निपल काढा, रिकाम्या चेंबरमध्ये मऊ गोळी दाबा, निपलच्या भोकातून पितळी सळईनं ती मागून ठोकून काढा आणि मोजा. सहाही चेंबर मोजायचे, कारण एखादा वेगळा निघतोच.

चेंबर खाचांइतका किंवा इंचाच्या हजाराव्या भागानं (साधारण २५ मायक्रॉन) मोठा असेल तर झकास. एक-दोन हजारांश कमी असेल तर दारूच्या दाबानं मऊ शिसं थोडं फुगतं, निभावून जातं. पण चेंबर .४४६ आणि खाचा .४५२ असतील, तर गोळीच्या कडेनं वायू निसटणार आणि निशाण्यावर छर्रे मारल्यासारखी भोकं पडणार.

गोळी निवडताना लिव्हर दाबल्यावर शिशाचं अखंड कडं कापलं जायला हवं. कडं अर्धवट आलं किंवा आलंच नाही तर गोळी लहान आहे. दुसऱ्या चेंबरचा बार उडाला की झटक्यानं ती पुढे सरकून सिलिंडर अडकवते. शिवाय शेजारच्या चेंबरची ज्वाळा तिच्या कडेनं आत शिरली तर एकदम दोन बार उडू शकतात. तोंडावर ग्रीस लावणं ठीक, पण घट्ट गोळीची जागा ग्रीस घेत नाही. गाडीच्या चाकाचा तोल साधणाऱ्या वजनांचं कडक शिसं वापरू नका, लिव्हरवर विनाकारण ताण येतो.

फरक मोठा असेल तर चेंबर रीम करणं (रीमरनं भोक मोठं करणं) हाच इलाज, आणि ते काम जाणकार गनस्मिथचंच. सिलिंडर जागी रोखणाऱ्या बोल्टच्या बाहेरच्या खाचांपाशी सिलिंडरची भिंत आधीच पातळ असते, रीमर तिला आणखी पातळ करतो. सगळे चेंबर एकाच मापाचे करून घ्या. सिलिंडर परत आला की आधीची .४५१ ची गोळी बहुधा पुरणार नाही; .४५४ किंवा .४५७ ची बसवा आणि सहाही चेंबरवर कडं अखंड येतंय ना, ते पुन्हा बघा.