हिशेब शून्य आला तर आधी शंका घ्या

अण्वस्त्रांच्या गरजेपेक्षा अतिरिक्त ठरलेल्या प्लुटोनियम-युरेनियमचा हिशेब ठेवण्याच्या कामात येणाऱ्यांना वाटतं, इथे सगळं अणुभौतिकीवर चालतं. भौतिकी लागतेच, पण आधी लागते ती नोंदवहीची शिस्त.

सूत्र सोपं आहे. आरंभीची शिल्लक, त्यात आवक मिळवा, जावक वजा करा, मग प्रत्यक्ष मोजलेली शिल्लक वजा करा. उरतो तो फरक. सीलबंद डब्यांच्या गोदामात नग मोजायचे असतात, तिथे एक डबाही इकडेतिकडे चालत नाही. पण जिथे भुकटी किंवा द्रावण हाताळलं जातं तिथे फरक दर वेळी नेमका शून्य आला तर मी आधी आकडे लिहिणाऱ्याकडे बघेन. काट्याला, नमुन्याला, रासायनिक विश्लेषणाला आपापली अनिश्चितता असते. शिवाय ग्लोव्हबॉक्सच्या (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीच्या) सांदीत, फिल्टरवर थोडा माल अडकतोच. फरक अनिश्चिततेत बसतो का आणि सतत एकाच बाजूला झुकतो का, हे पाहायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लेखी ८ किलो प्लुटोनियम ही ‘लक्षणीय मात्रा’ आहे, साधारण एका अणुबॉम्बला पुरेल इतकी, म्हणजे चूक किती लहान असली तरी महाग पडते ते कळेल.

सील तपासताना क्रमांक आधी डब्यावरून मोठ्याने वाचा, मग जोडीदाराला यादीत शोधू द्या. उलट केलं की डोळ्यांना यादीतलाच आकडा दिसतो. सीलची तारही ओढून बघा.

साठा पडून असला तरी बदलत असतो. प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य साधारण १४ वर्षं. त्याचं अमेरिशियम-२४१ होतं. म्हणजे वहीतलं प्लुटोनियम घटतं, डब्याजवळचा गॅमा किरणांचा मारा मात्र वाढतो. डब्यातून निघणारी उष्णता मोजून प्लुटोनियमचं वजन काढणाऱ्यांनी या अमेरिशियमची उष्णता धरलीच पाहिजे, नाहीतर प्लुटोनियम जास्त दिसतं.

विल्हेवाटीचे मार्गही हिशेबाला सारखे नाहीत. रशियन अस्त्रांतलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम, त्यात कमी समृद्ध युरेनियम मिसळून सौम्य करून, २०१३ पर्यंत अमेरिकी अणुभट्ट्यांच्या इंधनासाठी गेलं. प्लुटोनियम असं पातळ करून चालत नाही, त्याचे सगळे समस्थानिक (वेगवेगळ्या अणुभाराचे प्रकार) अस्त्रात वापरण्याजोगे मानले जातात (प्लुटोनियम-२३८ जास्त असलेला माल सोडून). म्हणून अमेरिकेत ते दुसऱ्या पदार्थात मिसळून न्यू मेक्सिकोतल्या मिठाच्या थरात पुरायचं, असा २०२५ पर्यंतचा बेत होता. मिसळल्यावर पिंपं वाढतात, प्रत्येकातलं प्लुटोनियम कमी होतं आणि न्यूट्रॉन मोजून प्लुटोनियम किती ते ठरवणं अवघड होतं.

शिकताना संख्याशास्त्रातलं त्रुटींचं गणित पक्कं करा. मुलाखतीत मी तेच विचारतो.