बंदूक घरात आहे? मग या चुका टाळा

आमच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजानं ठासायची. त्या गजावर कानशीने मारलेली एक खाच होती. लहानपणी मला ती नुसती ओरखड्याची खूण वाटायची. मग एकदा काकांनी दाखवलं: नळी रिकामी असताना गज आत सोडला की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत बार असेल तर तीच खाच चार बोटं वर राहते. बंदूक हातात घेतली की आधी गज, मग बाकीचं. तो नियम त्यांनी का केला, ते नंतर कळलं. एकदा रात्री टोपी, म्हणजे दारू पेटवणारी छोटी कॅप, फुटली होती, पण बार गेला नव्हता. सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी "रिकामीच असेल" म्हणून पुन्हा दारू ठासायला घेतली. गज आत जाईना तेव्हा लक्षात आलं, म्हणून थोडक्यात निभावलं.

पुढे मी काडतुसाची बारा बोअर बंदूक वापरली, क्लबात एअर रायफल मारली, परवान्याच्या फायली घेऊन कचेरीत बसलो. सगळीकडे घोळ त्या एका "असेलच" मुळे झालेले पाहिले. रिकामी असेलच, काडतूस बसतंय म्हणजे चालत असेलच, परवाना चालू असेलच.

ठासणीची बंदूक: दोनदा भरणे

कोकणात शेती संरक्षणासाठी ही बंदूक अजून घरोघर दिसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येसुद्धा पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, इतकं तिचं स्थान जुनं आहे. पण भरलेली आहे की नाही हे तिच्यात डोळ्यांना दिसत नाही. बारा बोअर मोडली, म्हणजे नळी खाली वाकवून उघडली, की काडतूस दिसतं, हिचं सगळं पोटात. म्हणून गजावर खूण नसेल तर आजच करून घ्या. रंगाची खूण पुसली जाते, खाच राहते.

टोपी फुटली आणि बार गेला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून थांबा. ठिणगी आत धुमसत असू शकते. लगेच वाकून नळीत बघणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं नशीब चांगलं होतं, एवढंच.

आणखी एक. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरानं भाताची नासाडी केली हे खरं, माकडांनी नारळ संपवले हेही खरं, पण हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात आणि त्यांना मारायला वन खात्याची परवानगी लागते. हवेत बार काढून हुसकावणं वेगळं, डुक्कर पाडून वाटे घालणं वेगळं. दुसऱ्यात बंदूक, परवाना आणि माणूस तिन्ही जातात.

बारा बोअर: "बसतंय ना?"

इथे जरा थांबून सांगतो, कारण ही चूक भल्याभल्यांकडून होते.

आजोबांच्या काळातली विलायती डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घरात असते. तिची चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुधा अडीच इंची, म्हणजे ज्याला आपण ६५ मिलिमीटर म्हणतो ती. दुकानात ७० मिलिमीटरचं काडतूस मिळतं. घरी आणून बघितलं तर ते आत सरळ बसतं आणि बंदूक बंदही होते. माणूस निर्धास्त होतो. पण काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, म्हणजे पुढचं दुमडलेलं तोंड उघडल्यावरची असते. न उडवलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. बार होताना ते तोंड उघडायला जागाच उरत नाही, नळी जिथे निमुळती होते तिथे ते अडकतं आणि आतला दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीला तो दाब झेपेल की नाही, याची परीक्षा तुमच्या डाव्या हाताजवळ होते. तेव्हा नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावर कोरलेली खूण वाचा. २½ असं काही कोरलं असेल तर ६५ चीच काडतुसं घ्या. खूण वाचता येत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती जुनी पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली नळी असू शकते. ती भिंतीवर छान दिसते, तिथेच राहू द्या.

दुसरी चूक क्वचित होते, पण ती जीवघेणी. खिशात १२ आणि २० बोअरची काडतुसं एकत्र. २० चं काडतूस बारीक, म्हणून ते १२ च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामी दिसते. मग त्यामागे १२ चं भरलं जातं, आणि नळी फाटते. २० बोअरची काडतुसं जगभर पिवळ्या रंगात काढण्याची रीत पडली ती याच कारणानं. घरात दोन्ही बंदुका असतील तर काडतुसांच्या पिशव्या वेगळ्या आणि बाहेर पडताना खिसे तपासलेले हवेत.

चाप ओढला आणि नुसतं "टक" झालं तर किमान ३० सेकंद नळी समोर धरून थांबा, मगच मोडा. बार झाला पण आवाज "फुस्स" आला, तर दुसरा बार मुळीच नको. काडतुसातली गद्दी, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा, नळीत अडकलेली असू शकते. मोडा, काडतुसं काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. पावसाळ्यात हे जास्त होतं. जुनी कागदी काडतुसं दमटपणानं फुगतात, बसतच नाहीत, आणि लोक ती अंगठ्यानं रेटतात. फुगलेलं काडतूस वापरू नका. घरीच फोडू नका, चुलीशेजारी वाळत तर अजिबात ठेवू नका. हो, हे मी पाहिलेलं आहे.

घरी काडतूस भरण्याचा मोह

अमेरिकेत घरच्या टेबलावर काडतुसं भरणं हा रीतसर छंद आहे. त्याचे व्हिडिओ बघून इकडे कुणाकुणाचे हात शिवशिवतात. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. काडतूस महाग पडतं म्हणून कुणी हा हिशेब करत असेल, तर तो पुन्हा करावा.

टेक्सास किंवा ॲरिझोनात राहणारे आणि तिथल्या कायद्यानुसार हा छंद करणारे मराठी वाचकही आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवा, काम संपलं की उरलेली दारू लगेच मूळ डब्यात परत. पिस्तुलाच्या छोट्या कवचात दारू दोनदा पडली तरी ती आत मावते, म्हणून गोळी बसवण्याआधी सगळी कवचं एका ठोकळ्यात उभी करून टॉर्चनं आत बघा. एखाद्यातली पातळी वर दिसेल, तिथेच पकडली जाईल. प्रमाण छापील पुस्तकातलं आणि सुरुवात किमानापासून. मित्रानं सांगितलेलं प्रमाण मित्राच्या बंदुकीसाठी. आणि भरताना फोनवर आईशी गप्पा नकोत.

तेल, चामडं आणि पावसाळा

खोबरेल तेल केसांना लावावं. बंदुकीला लावलं की काही महिन्यांत ते चिकट होतं, थंडीत थिजतं, आणि घोड्याची चाल जड होते. हाताशी दुसरं काही नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल बरं, तेही पुसून घेतल्यावर उरेल तेवढंच.

चामड्याच्या कव्हरात बंदूक वर्षभर ठेवणं ही आमच्या घरातली चूक. बाहेरून कव्हर कोरडं, आतून चामडं ओल धरून बसलेलं. गणपतीत काढली तर नळीवर कव्हराच्या शिवणीचा गंज उमटला होता. कव्हर फक्त प्रवासापुरतं. एरवी बंदूक कोरड्या फडक्यानं पुसून कुलपाच्या कपाटात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

परवाना: फायलीतली तारीख

परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. लोक संपल्यावर जागे होतात. मुदत संपलेल्या परवान्याची बंदूक घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना बंदूक ठेवणंच. "तीस वर्षं आमच्याकडेच आहे" हे उत्तर कचेरीत चालत नाही.

सर्वात दुखरी गोष्ट वारसाची. परवानाधारक वारल्यावर घरात सुतक असतं, बंदुकीची आठवण कुणाला होणार. पण परवाना माणसाबरोबर संपतो. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते, मगच वारसाचा अर्ज. हे टाळायचं असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे: धारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना द्यावा असा अर्ज करू शकतो. घरात तात्या सत्तरीला आले असतील तर हा विषय या दिवाळीतच काढा. अवघड वाटतं, पण तात्यांनाही बहुतेक तेच हवं असतं.

२०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका. पूर्वी तीन चालायच्या. वारसानं आलेली बंदूकही या दोनात मोजली जाते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना सरावाच्या पॉइंट २२ रायफलीसाठी आणि एअर रायफलीसाठी या मर्यादेतून सूट आहे.

लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी एकच ओळ: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा जल्लोषाचा गोळीबार हा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फटाके स्वस्त पडतात.

निवडणूक आली की

आचारसंहिता लागली की गावात निरोप येतो, बंदुका जमा करा. कोकणात यावर दर वेळी कुरकुर होते, कारण बंदूक ठाण्यात आणि वानरं बागेत. मला ती कुरकुर रास्त वाटते. निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट जमा करण्याच्या नाहीतच. जिल्हा पातळीवर छाननी समितीनं प्रत्येक परवाना बघायचा, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत अडकलेले अशांकडे खास लक्ष द्यायचं, असा त्यांचा रोख आहे. इथली चूक म्हणजे तोंडी भांडणं. पीक उभं आहे, गुन्हा एकही नाही, असा लेखी अर्ज वेळेत द्या आणि पोच घ्या. आदेश तरीही आला तर बंदूक जमा करा. तो मोडून परवाना गमावणं परवडत नाही.

जमा करताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि तिची अवस्था लिहून घ्या. आधी नळीला तेलाचा हात फिरवा, फोटो काढून ठेवा. निकालानंतर परत आणायला जायचं विसरणारे तर कितीतरी. एका पावसाळ्यानंतर आणलेली माझी बंदूक साफ करायला दोन रविवार गेले.

एअर रायफल: दोष बंदुकीचा नसतोच

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवल्यावर क्लबात मुलांची रांग लागली, आणि पालकांच्या तक्रारीही: "रायफल नेम धरत नाही." दहा मीटरवर रायफलीच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दस्त्याचा एक स्क्रू सैल असला तरी छर्रे विखुरतात. आधी स्क्रू, मग छर्ऱ्यांचा डबा बदलून बघा, मग रायफलीच्या हवेच्या सिलिंडरचा दाब. नवी रायफल सगळ्यात शेवटी. सिलिंडरवर छापलेली मुदत बघायला विसरू नका, स्पर्धेच्या तपासणीत तिथेच अडवतात.

स्प्रिंगवाल्या एअरगनमध्ये छर्रा न घालता चाप ओढणं म्हणजे पिस्टन आपटून घेणं. नळीत तेल ओतणं त्याहून वाईट: हवा दाबली गेली की तेल आतच पेटतं, धूर निघतो आणि सील जातं. आणि ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर एअरगनलाही परवाना लागतो. ऑनलाइन जाहिरातीत हे बारीक अक्षरातही नसतं.

छर्रे शिशाचे असतात. ओठात धरून ठेवायची सवय मोडा, सरावानंतर साबणानं हात धुऊन मगच वडापाव.

फोन आणि बॅग

परवान्याचा फोटो "काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पाठवला की त्यावरचा पत्ता, क्रमांक आणि घरात कोणती बंदूक आहे हे सगळं कुणाकडे जाईल सांगता येत नाही. चोराला याहून चांगली यादी कोण देणार? कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये सरकारी संकेतस्थळावरूनच शस्त्र परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची माहिती उघडी पडली होती. ती चूक सरकारची होती, आपण तर स्टेटसवर स्वतःच टाकतो. बंदूक हातात घेऊन काढलेला फोटो नातेवाइकांनाच दिसेल असं समजू नका, पोलीसही ते बघतात. आणि फोटोत दुसऱ्याची बंदूक असेल तर प्रश्न दोघांना येतात.

शेवटी विमानतळ. अमेरिकेतून सुट्टीला येणारा मुलगा रेंजवर नेलेलीच सॅक हातसामानाला घेतो. तळाच्या कप्प्यात एक काडतूस राहिलेलं असतं. तिथून निघताना ते कधी तपासणीतून निसटतं, पण परतताना मुंबईच्या स्कॅनरमध्ये ते चमकतं, आणि विमानाऐवजी पोलीस ठाणं. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ च्या गुनवंतलाल खटल्यापासून सांगितलं आहे. विसरून राहिलेल्या एखाद्या काडतुसाचे गुन्हे पुढे उच्च न्यायालयात रद्दही होतात. पण तोवर सुट्टी, तिकीट आणि वकिलाची फी गेलेली असते. रेंजची बॅग फक्त रेंजची ठेवा. तीच आणावी लागली तर सगळे कप्पे उघडून चादरीवर उलटी करा, झटका, अस्तराच्या शिवणीत बोट घालून बघा. माझ्या भाच्याच्या बॅगेतून चादरीवर काडतुसाच्या दोन पुंगळ्या पडल्या होत्या, आणि तो अजून म्हणतो की त्याच्या नाहीत.