संगणकाचे अंतरंग: तारांचा माग काढत करून घेतलेली ओळख

संगणकाच्या आतील भागांची नावे पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. कोणता भाग कोणाला काय पुरवतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की नावे आपोआप लक्षात राहतात. त्यासाठी वापरातून गेलेला जुना डेस्कटॉप सर्वांत सोयीचा, कारण लॅपटॉपमध्ये हेच भाग दाटीवाटीने बसवलेले असतात आणि त्यांतील काही मदरबोर्डवरच, म्हणजे सर्व भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच, कायमचे जोडलेले असतात.

संगणक नुसता बंद करून भागत नाही, त्याची वायर प्लगमधून काढावी लागते. बंद संगणकातही मदरबोर्डला 5 व्होल्टचा एक पुरवठा चालूच असतो. बटण दाबताच यंत्र जागे होते ते त्याच्याच जोरावर. वायर काढल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार बराचसा निघून जातो. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत उतरवावी आणि बाजूचे झाकण काढावे. काहीही हलवण्याआधी आतील भागाचे छायाचित्र काढून ठेवावे. जोडताना स्मरणशक्तीपेक्षा तेच अधिक उपयोगी पडते.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे ज्या पेटीतून तारांचा जुडगा निघतो तिच्यापासून करावी. घरातील विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये रूपांतर करण्याचे काम ती करते. जुन्या एसएमपीएसमध्ये पिवळी तार 12 व्होल्टची, लाल 5 ची, नारिंगी 3.3 ची आणि काळी अर्थची असते. अलीकडे मात्र सर्वच तारा काळ्या दिसू शकतात. ही पेटी कधीही उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागात, धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

आता एकेका तारेच्या मागे जावे. 24 पिनांचा रुंद जोड मदरबोर्डला वीज देतो, तर 4 किंवा 8 पिनांचा वेगळा जोड प्रोसेसरच्या, म्हणजे सर्व आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपच्या, जवळ जातो. प्रोसेसर स्वतः दिसत नाही. तो पंखा आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा, यांच्या खाली असतो. पहिल्याच खेपेस तो काढण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे, कारण हीटसिंक हलवल्यास थर्मल पेस्ट, म्हणजे दोघांमधील उष्णतावाहक लेप, नव्याने लावावी लागते आणि वाकलेली पिन सरळ करणे नवशिक्याचे काम नव्हे. हार्ड डिस्ककडे दोन जोड जातात: 15 पिनांचा रुंद जोड विजेचा, 7 पिनांचा अरुंद जोड माहितीचा. मदरबोर्डवरील नाण्यासारखा 3 व्होल्टचा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो.

रॅमपाशी, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या पट्टीपाशी, मात्र थोडे रेंगाळावे. तिच्यातील प्रत्येक बिट (माहितीचा सर्वांत लहान तुकडा) म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असल्यामुळे साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की न साठवलेले काम नाहीसे का होते आणि हार्ड डिस्कवरील फाईल तशीच का राहते, याचे उत्तर इथेच मिळते. तिथे माहिती चुंबकीय रूपात असते.

रॅम काढण्यासाठी स्लॉटच्या, म्हणजे ती जिच्यात बसते त्या खाचेच्या, टोकांचे खटके बाहेरच्या बाजूला दाबावेत आणि पट्टी कडांनी धरून सरळ वर उचलावी, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. पट्टीच्या खालच्या कडेला मध्यापासून किंचित सरकलेली खाच दिसेल. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या प्रकारांत तिची जागा वेगवेगळी असते, त्यामुळे एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि उलटीही बसत नाही. परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा, खटके आपोआप मिटेपर्यंत. एक टोक अर्धवट राहिले, तर संगणक सुरू केल्यावर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो, आणि मदरबोर्डला स्पीकर जोडलेला असेल तर तो बीप वाजवून तक्रार करतो.