इंडेक्स फाइल हरवली तर रिपॉझिटरी गेली असं समजू नका

गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) अचानक 'बॅड ऑब्जेक्ट'च्या तक्रारी सुरू झाल्या (ऑब्जेक्ट म्हणजे गिटने साठवलेली फाइल, फोल्डर किंवा कमिट), तर नव्याने क्लोन, म्हणजे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत, करण्याआधी डॉट-गिट फोल्डरमधल्या ऑब्जेक्ट्स फोल्डरच्या आतल्या पॅक फोल्डरमध्ये डोकावा. तिथे फाइली जोडीने असतात: डॉट-पॅक आणि डॉट-आयडीएक्स (हीच इंडेक्स फाइल). खरा डेटा पॅकमध्ये. आयडीएक्स फक्त कुठला ऑब्जेक्ट कितव्या बाइटपासून सुरू होतो ते सांगते. ती नसेल तर गिटला तो पॅक दिसतच नाही, डेटा शाबूत असला तरी.

आयडीएक्स नसेल तर त्या फोल्डरमध्ये 'गिट इंडेक्स-पॅक' ही कमांड पॅक फाइलचं नाव देऊन चालवा. आयडीएक्स आहे पण बिघडली असेल, तर आधी तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, पुसू नका. आणि हे सगळं करण्याआधी पूर्ण फोल्डरची कॉपी, हे मी आग्रहाने सांगेन.

कमांड प्रत्येक ऑब्जेक्ट उलगडते, डेल्टा (दुसऱ्या ऑब्जेक्टपासूनचा फरक) जोडून त्याचा हॅश (आशयावरून ठरणारी ओळख) काढते. त्यामुळे मोठ्या पॅकला वेळ लागतो. मध्येच थांबवू नका. मेमरी कमी पडत असेल तर 'थ्रेड्स' (एकाच वेळी किती कामं समांतर चालवायची) पर्याय 1 वर आणा. पॅकच्या टोकाला असलेला चेकसमही (डेटा बदलला नाही ना ते तपासायची संख्या) ती ताडून पाहते. तिथे ती अडली तर पॅकच तुटका आहे. मग मात्र बॅकअप किंवा दुसऱ्या कुणाचा क्लोन शोधायला हवा.

काम झाल्यावर 'गिट एफएससीके' (रिपॉझिटरी तपासणारी कमांड) एकदा चालवाच.